तीन वर्षांची मुदत

पाद्र-विगारांची चिठी आली मंगळवारी:
'आपोलिनार यांच्या खड्ड्याची मुदत संपली आहे.
अवशेष काढून घ्यावेत.'
खाली इगर्जीचा शिक्का, जरा तिरका.

तीन वर्षं.
एवढ्यात आमच्या कुडतरीच्या तळ्याचं पाणी
तीनदा शेतांत गेलं, तीनदा परत भरलं.
मी त्याचा एक शर्ट अजून कुणाला दिलेला नाही.

शुक्रवारी, सकाळच्या मिसाआधी, कुस्तोद कुदळ घेऊन आला.
म्हणाला, बाय, तू कुंपणापाशी थांब.
मी थांबले नाही.
एकतीस वर्षं ज्याला पेज वाढली
त्याच्या हाडांना मी का लाजू?

आधी सुटाचं एक बटण निघालं.
मग जपमाळेचा क्रूस, मणी नसलेला.
मग नायलॉनचे पायमोजे, जसेच्या तसे;
मडगावचा दुकानदार खरं सांगत होता म्हणायचा.
आणि मांडीच्या हाडाला धरून ती सळी,
बांबोळीच्या डॉक्टरांनी बसवलेली,
जिच्यामुळे तो पाऊस यायच्या आदल्या रात्री
मला उठवून सांगायचा, उद्या येतो गं.
सळीवर गंजाचा ठिपका नाही.

दर आयतारी मी उभी राहून म्हणते
'देहाच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे.'
म्हणते म्हणजे तोंड म्हणतं.
डोक्यात तेव्हा हुमणात
आमसुलं घातली की नाही, एवढंच असतं.
पण त्या दिवशी पाद्री एरमेलिंदना मी विचारलंच:
शेवटच्या दिवशी तो उठेल तो सळीसकट,
की परत लंगडत?

पोरगाच आहे तो. हसला नाही, हे त्याचं चांगलं.
म्हणाला, भाताचा दाणा आणि भाताचं रोप
सारखं दिसतं का, आंटी?
म्हटलं, बाबा, चाळीस वर्षं लावणी केली मी.
दिसत नाही सारखं, मान्य.
पण ज्याचा दाणा त्याच्या शेतात उगवतो.
इथे तुम्ही शेतच दुसऱ्याला देताय.

दुसरा म्हणजे कामिल.
गुरुवारी गेला, बसल्या बसल्या, पाव चहात बुडवताना.
आमच्या कुंपणावरच्या मानकुरादीपायी
एकोणीस वर्षं नवऱ्याशी कोर्टात भांडलेला.
दोघेही मेले, तारीख अजून आहे, जुलैत.
आता आपोलिनारच्या जागी तो झोपणार,
आणि तीन वर्षांनी तोही निघणार
भिंतीमागच्या हाडांच्या विहिरीत,
जिथे कुस्तोदने आज माझ्यादेखत
आपोलिनारला ओतलं. हो, ओतलंच, टोपलीतून.
सासूबाईही तिथेच आहेत कुठेतरी.
(कोनाड्याचे पैसे जासिंताने इंग्लंडहून पाठवले असते.
मी मागितले नाहीत. का, ते मलाही सांगता येत नाही.)

मग देवा, कर्णा वाजेल तेव्हा
त्या अंधारात कुणाचा गुडघा कुणी चाचपायचा?
कामिल म्हणेल, हा माझा.
आपोलिनार ऐकून घेणाऱ्यांतला नाही.
तुझ्याकडे वही आहे म्हणतात. असेल.
मडगावच्या कोर्टाकडेही आहे.

संध्याकाळी कामिलच्या मयताला गेले.
त्याची बायको माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे.
माती टाकायला मूठ भरली
तेव्हा बोटांना कळलं, ही माती
सकाळीच आपोलिनारखालून निघालेली.
मूठ उघडायला जरा वेळ लागला.
मागचे लोक खोळंबले.
मग टाकली.

सळी मी आणलीय, रुमालात गुंडाळून.
कुस्तोदने बघून न बघितल्यासारखं केलं.
पाद्रींना सांगितलेलं नाही; पाप असेल तर
पास्काच्या आधी सांगेन.
स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी कधीची तुटली होती,
तिथे ती बरोबर बसली.
वारा आला की थोडी वाजते.

आयतारी परत उभी राहिले सगळ्यांबरोबर.
'देहाच्या' इथे आले आणि अडकले.
बाकीचे पुढे गेले.
'सार्वकालिक जीवन'ला धावत जाऊन
मी त्यांना गाठलं.