टेकू

अर्ज स्क्रीनवरच भरायचा होता,
तरी अनाहितने आधी तो वहीत काढला.
प्रायोजक, या चौकोनात आडवी रेघ,
फूटपट्टी लावून,
इंजिनियर मारतात तशी.

ग्युमरीतल्या खोलीत, स्टोव्हला पाठ देऊन,
गुण मोजत बसली:
वयाचे तीस, इंग्रजीचे वीस,
पदवीचे पंधरा, आठ वर्षांच्या नोकरीचे पंधरा,
लग्न न झाल्याचे दहा.

लग्न न झाल्याचे दहा!
हे तिने सांगितलं तेव्हा माझा चहा सांडला.
म्हटलं, आमच्याकडे गुण जुळले तर लग्न होतं.
छत्तीसपैकी निदान अठरा.
ती म्हणाली, मला कुणाशी जुळवायचे होते?
म्हटलं, देशाशी.
हेही पत्रिका पाहून कळवतो म्हणतात
आणि महिनोन्महिने कळवत नाहीत.

तेहतिसाव्या वाढदिवशी पाच गुण गळणार होते.
अकरा दिवस आधी पत्र आलं.
मथळा: आमंत्रण.
खाली कुणाचं नाव नाही,
अगत्य येण्याचे करावे, असलं काही नाही,
फक्त साठ दिवसांची मुदत.

अ‍ॅडलेडच्या विमानतळावर
तिच्या नावाची पाटी धरून कुणी उभं नसणार,
हे तिने धरूनच ठेवलं होतं.
तरी, म्हणाली, मी सगळ्या पाट्या वाचल्या.

आता रात्री ती बेकरीत साच्यांतून पाव काढते
आणि दिवसा पत्रं पाठवते.
उत्तरं सभ्य असतात. इथला अनुभव?
वेड गेल्याशिवाय लग्न नाही,
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.
ही म्हण तिला समजवायला मला अर्धा तास लागला.
तिला हसायला अर्धा मिनिट.

अर्धा मिनिट. तिच्या जन्माआधी
तिचं गाव तेवढ्यातच खाली बसलं होतं.
आई सहा तास एका तुळईखाली.
तुळई मोडली नाही.
एवढंच एकदा बोलली, आणि भांडी घासायला लागली.

परवा घरमालक आले, ट्रेगेन्झा, हातात घण.
स्वयंपाकघराची भिंत पाडायची,
खोली मोठी करायची, पाठोपाठ भाडं.
अनाहित नुकती कामावरून आलेली,
कोपरापर्यंत पीठ.
भिंतीला कान लावला. बोटाने ठोकलं.
शिडी घेऊन पोटमाळ्यात गेली, जाळी केसांत घेऊन उतरली.
म्हणाली, ही नको. छत हिच्यावर आहे.
तुला काय माहीत, ते म्हणाले.
हसूनच म्हणाले.
तिने गॅसच्या बिलामागे छत काढलं,
खाली उतरणारे बाण काढले,
प्रत्येक बाणाशी वजन लिहिलं.
ते चष्मा चढवून बराच वेळ पाहत राहिले.
मग म्हणाले, बरं, यावर सही कर.
ती म्हणाली, सहीचा हक्क नाही मला.
अजून.

घण दाराशीच टाकून ते गेले.
येता-जाता आम्हाला ठेचा लागतात.

रात्री डबा भरताना तिने विचारलं,
प्रायोजकाला तुमच्या भाषेत काय म्हणतात?
खरा शब्द मला आठवत होता,
पण म्हटलं, टेकू.
म्हणजे?
पडायला आलेल्या भिंतीला तिरका वासा लावतात, तो.
नीट बांधलेल्या भिंतीला तो लागत नाही, ती म्हणाली.
मग बूट घालता घालता थांबली.
बांधताना मात्र लागतो.
काँक्रीट ओलं असेपर्यंत.
फार तर अठ्ठावीस दिवस.

तिला इथे येऊन आठवा महिना चाललाय.
दार ओढून घेतलं तिने,
घणाला वळसा घालून,
शेवटची बस दहा दहाला.