सात लिटर

मी जनरेटरवाला. कुठल्याच बॅनरवर माझं नाव नाही.
पण परभणीत जे जे वाजलं
त्याला डिझेल माझं होतं, एवढं लिहून घ्या.

दया खिल्लारे पहिल्यांदा बोलला तो उरसात,
हरवलं-सापडलंच्या टपरीत.
पंधरा वर्षांचं पोरगं, चहा-भज्यावर ठेवलेलं.
"लाल फ्रॉक, पायात एकच चप्पल,
नाव विचारलं तर पेढा म्हणती,
ज्याची असंल त्यानं पाळण्याखाली यावं."
शेजारी वाजेद, तेच दखनीत:
"लाल फराक, एकीच चप्पल, नाम पूछे तो पेढा बोलती."
एक माईक, दोन तोंडं.
आकाशपाळण्याची मोटर धडधड धरायची
आणि दयाचं बोलणं तिच्यावर बसायचं,
हमाल पोत्याखाली पाय टाकतो तसं, नेमकं.
लोक लेकरं शोधायची सोडून ऐकत राहायचे.

मग वराती. गंगाखेड रोड, जिंतूर नाका, पाथरी.
दयाचा एमसी भोंगा झाला.
टेम्पोवर सोळा टॉप, आठ बेस,
पत्र्यावरची कबुतरं उठायची ती दुसऱ्या गल्लीत बसायची.
गळ्यात चेन आली. सोन्याची नव्हती, पण रात्री कोण बघतं.

वाजेदनं वसमत रोडला सेट बांधला. डीजे वायर.
डबे स्वतः ठोकले, सासऱ्याकडून उचल घेऊन.
का फाटलं?
कोणी म्हणतं मानवतच्या सुपारीचे साडेचार हजार,
कोणी म्हणतं पोरगी.
मला विचाराल तर माईक एकच होता
आणि तो दोघांच्याही हाताला बसलेला.

मग या मोबाईलातून त्या मोबाईलात गाणी सुटली.
दया: "नाव वाजेद, पण वाजंना!"
वाजेद: "भोंगे में क्या है? खाली हवा है."
एका लग्नात नवरदेव भोंग्याचा, करवल्या वायरच्या,
अक्षता ताटातच राहिल्या.
पोलिसांनी दोघांचे डबे उचलले
आणि एकाच खोलीत एकावर एक रचून ठेवले,
महिनाभर, गपगार.

शेवटी आमनेसामने ठरलं. मैदान उरसाचंच,
पाळण्याचे खड्डे अजून बुजले नव्हते.
पोस्टरवर: जगात जर्मनी, भारतात परभणी. परभणीत कोण?
दोन्हीकडचे जनरेटर माझे.

साडेदहाला एका फुटाणेवाल्यानं
दयाच्या स्टेजवर लेकरू आणून ठेवलं.
दयानं बेस पाडला. जुना आवाज काढला:
"हिरवा स्वेटर, कानात काळा दोरा, नाव सांगंना,
ज्याचं असंल त्यानं यावं."
पब्लिक उसळलं. नवं गाणं वाटलं त्यायला.
"हिरवा स्वेटर!" हजारो तोंडं.
"आरं खरं सांगायलोय!"
"आरं खरं सांगायलोय!"
लेकरू कानावर हात दाबून त्याच्या मांडीला चिकटलं.

त्या अख्ख्या मैदानात एकट्या वाजेदला कळलं.
त्याचा सेट तेव्हा फुल्ल होता.
पळत माझ्याकडं आला, "मामू, बंद कर."
मी बंद केलं.
अर्धं मैदान काळं झालं, गप झालं,
आणि त्या गपमधून एक बाई ओरडत आली.

लेकरू गेलं. पब्लिकनं निकाल लावला:
वायरचं डिझेल संपलं, भोंगा जिंकला.
दया काही बोलला नाही.
आठ दिवसांनी बोलला, गाण्यात: "वायर विझली रं."
त्याच्या मागून हिरवा स्वेटर आलं,
त्यावर पुण्यात पोरं उड्या मारतात म्हणं.
मी ऐकलं नाही. रिक्षात लागलं की उतरतो.

वाजेद अजून लग्नं वाजवतो, दहाला बंद करतो.
परवा विचारलं, सांगितलं का नाहीस कुणाला?
तो केबल गुंडाळत होता,
पंजा ते कोपर, पंजा ते कोपर.
"मामू, उस रात डिझेल कित्ता बचा था?"

सात लिटर.
कांडी बुडवून मी स्वतः मोजलं होतं.