मंडईतली केळीची पानं

पानवाला विचारतो, पूजा का लग्न?
लक्ष्मी मंडईत सकाळी सहाला
कोवळी, न चिरलेली पानं मागणारा
तिसऱ्या कामाला येत नाही.
मी म्हणालो, पूजा.
त्यानं दोन पानं वर ठेवली, पैसे घेतले नाहीत.

सिव्हिलच्या सिस्टर म्हणाल्या होत्या,
चादर नको, चिकटते. टॉवेल तर नकोच.
एकवीस वर्षं टॉवेलच विणतोय, सिस्टर,
असं ओठावर आलेलं गिळलं.
अक्कलकोट रोडला आठ माग माझ्याकडे.
लांबलांबच्या हॉटेलांत माणसं न्हाऊन अंग पुसतात
तो मऊपणा माझ्या हातचा,
आणि बालामणीला तो बाभळीसारखा.

सुरुवात गालातल्या कळेनं झाली.
घास चावला तरी, वारा लागला तरी
कानापर्यंत सणक.
तेंदूचं पान कातरता कातरता ती थांबायची, गाल धरायची,
हजार विड्यांच्या जागी साडेसातशे.
डॉक्टरांनी गोळी दिली. चांगली होती गोळी.
चौथ्या दिवशी तिनं कडक भाकरी
मोडून, शेंगाचटणी लावून खाल्ली,
कटकन आवाज आला तर हसली.
हेही सांगायला हवं, कारण नंतर सगळे
नुसतं विष म्हणायला लागले.

पंधराव्या दिवशी ताप. डोळे लाल.
तोंड आलं, थुंकी गिळवेना.
सासू म्हणाली, अम्मवारु आलीय.
दाराला कडुलिंब बांधला,
पाचव्या दिवसाचं नळाचं पाणी भरून तसंच ठेवलं.
आणि मी
कामावर जाताना एक, आल्यावर एक.
मध्येच बंद करू नका, असं बजावलेलं.
छातीवर डाग उठले त्या दिवशीही दोन.
गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं,
तरी तिनं तोंड उघडलं,
देणारा मी होतो म्हणून.

कुशीवर वळवायला खांद्याला हात लावला
तर बोटांबरोबर कातडी आली.
कशासारखी, ते सांगणार नाही.
मी कापडातला माणूस,
मला उपमा कापडाच्याच सुचतात.
ते कापड नव्हतं.

बागवान आडनावाची तरुण डॉक्टरीण म्हणाली,
घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या आणा.
मी पिशवी पालथी केली.
तिनं नेमकी तीच पाकिटं उचलली,
रिकामी भोकं मोजली. चौतीस.
माझ्याकडे बघून म्हणाली, काका, आधी बसा.

मग रोज पहाट, रोज मंडई.
पानाचा देठ काढायचा, पाण्यानं निपटायचं,
तेलाचा हात फिरवायचा,
अलगद चौघांनी तिला उचलायचं.
जिच्या मांडीवर जन्मभर पानं
ती आता पानाच्या मांडीवर.
बाराव्या दिवशी फुटक्या ओठांनी
तेलुगूत काहीतरी पुटपुटली. मी कान नेला.
"ह्या पानाची विडी केवढी होईल?"
सिस्टर आत आल्या तर मी भिंतीकडे तोंड करून उभा.

आता घरी आहे. नवी कातडी आलीय,
कुठे गुलाबी, कुठे काळी.
नखं आली ती वाकडी, विडीचं तोंड मुडपत नाही.
रेशनच्या मशीनला तिचा अंगठा पटत नाही,
दुकानदार म्हणतो, पुसून ठेवा, परत ठेवा.
रडू आलं तर डोळे नुसते जळतात,
पाणी बाटलीतून घालावं लागतं.

तिला वाचता येत नाही.
लाल शाईचं कार्ड कनवटीच्या पिशवीत असतं,
तरी तिनं नाव पाठ केलंय.
दातांच्या डॉक्टरकडे, औषधाच्या दुकानात,
कोणी काही विचारायच्या आत
एकेक अक्षर तोडून सांगते: का र्बा मा झे पि न.
सख्ख्या जावेचं नाव तिनं इतकं नीट
कधी घेतलं नाही.

शेवटच्या पाकिटात सहा गोळ्या आहेत.
फेका, म्हणते ती.
काल पानवाला भेटला, पूजा नीट झाली का म्हणाला.
झाली, म्हणालो,
आणि दोन पानांचे पैसे देऊ लागलो.
त्यानं घेतले नाहीत.