सदुसष्ट टक्के

मिस्टर प्रुइट, तुम्ही म्हणालात, एका पानात लिही:
काय घडलं, का घडलं,
आणि पुन्हा घडणार नाही हे कशावरून.
मी चार पानं लिहिली. ती पाठवली नाहीत.
हे त्यांतलंच काही.

बारावीच्या हिवाळ्यात फॉर्मनं विचारलं होतं, घरात माणसं किती.
मी लिहिलं, तीन. आई, मी, धाकटा कोल्बी.
बाबा नदीपलीकडे, वेस्ट व्हर्जिनियात, कुणाच्या तरी ट्रेलरमध्ये;
त्यांच्याबद्दल फारसं विचारलं नाही, बरं झालं.
उत्पन्नाचा आकडा भरताना आई मागे उभी होती,
वृद्धाश्रमातल्या रात्रपाळीचा गणवेश तसाच अंगावर.
म्हणाली, एवढंच?
वर्षभर पाय मोडले, आणि एवढंच?
त्या 'एवढंच'मुळेच पेल ग्रँट पुरी मिळाली.
आमच्या गरिबीला पहिल्यांदा भाव आला.
त्या रात्री आईनं पॅनकेक केले
आणि सिरप ओतताना हात आखडला नाही.

मग ऑक्टोबर.
मी लॅबमध्ये ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होते,
रंग पालटणाऱ्या नेमक्या थेंबाची वाट बघत.
खिशात फोन तीनदा थरथरला.
थेंब जास्त पडला. गडद गुलाबी.
फिकट हवा असतो.

आईचा उजवा हात गेला, उजवा पाय,
आणि शब्द गेले बरेचसे.
उरलेल्यांत एक 'सोमवार' होता.
पाणी हवं, सोमवार. टीव्ही बंद कर, सोमवार.
कोल्बी शाळेतून आला की हसून, सोमवार.

थेरपी हंटिंग्टनला. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास.
सोम, बुध, शुक्र.
बुधवारी लॅब. गणित सोम आणि शुक्र.
तुम्ही सांगा, तुम्ही काय सोडलं असतं?
मैत्रीण म्हणाली, डब्ल्यू घे, त्यानं काही बिघडत नाही.
डब्ल्यू म्हणजे माघार. नापास नव्हे. नुसतं एक अक्षर.
पण त्याचा हिशेब ठेवतात, हे मेमध्ये पत्र आलं तेव्हा कळलं.
चोवीस क्रेडिट घेतले, चौदा पुरे केले,
म्हणजे अठ्ठावन्न टक्के.
मदत चालू राहायला सदुसष्ट लागतात.

पुरावा म्हणून मी गाडीच्या कप्प्यातल्या
पेट्रोलच्या पावत्या घेऊन आले.
तुम्ही एकेक उजेडात धरलीत.
उन्हानं शाई उडालेली, बत्तीस कोरी चिटोरी.
तुम्ही हसला नाहीत, म्हणून मी रडले नाही.
म्हणालात, थेरपीवाल्यांकडे हजेरीची वही असेल बघ.

होती.
रुग्णाचं नाव, वेळ, सोबत कोण.
सोबत: मुलगी.
सोबत: मुलगी.
सोबत: मुलगी.
फेब्रुवारीत बर्फानं रस्ता बंद होता ते दोन दिवस सोडले
तर एक खाडा नाही.
काउंटरवरच्या बाईनं झेरॉक्स काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत.
गाडीत बसून मी टक्के काढले, सवयच लागलीय आता.
शहाण्णव.
अर्जात लिहिला तो आकडा, मग खोडला.
तुम्ही तो विचारला नव्हता.

तुमचं उत्तर आलं: मंजूर, एका सत्रापुरतं.
केमिस्ट्री पुन्हा घेतलीय, संध्याकाळची.
बुधवारी आईला आता चर्चमधल्या मिसेस ओडम नेतात.

आणि काल पुन्हा तोच फॉर्म, पुढच्या वर्षाचा.
आईचीही सही लागते, म्हणजे पासवर्ड,
म्हणजे तिच्या फोनवर आलेला सहा आकड्यांचा कोड.
डाव्या हाताच्या एका बोटानं ती दाबत होती,
तीन आकडे झाले, चौथा चुकला, पुसला,
तेवढ्यात कोडची मुदत संपली.
दुसरा मागवला. तोही संपला.
मी दाबते म्हटलं तर तिनं फोन छातीशी धरला.
तिसऱ्या खेपेला लागला.

पडद्यावर प्रश्न आला, घरात माणसं किती.
मी काही टाइप करायच्या आत
आईनं डाव्या हाताची तीन बोटं वर केली,
नीट दिसावीत म्हणून दिव्याखाली धरली,
आणि ठासून म्हणाली,
सोमवार.