तेल तापेपर्यंत

सावद्याच्या जिनिंगमागे पत्र्याच्या शेडमध्ये
अकरा वर्षं उभी अप्पांची शेवरले.
टपावर सरकीची पोती, डिकीत उंदरांचं बिऱ्हाड.
बॅटरी नवी, पेट्रोल ताजं;
तिसऱ्या किल्लीला खोकत उठली.

रिव्हर्स टाकला, आली.
पुढचा टाकला, नुसती घरघर.
"ही आता मागेच जाणार," मी म्हटलं.
आवाजात थोडं काव्य आलं असावं,
कारण गफूर तडवी म्हणाला,
"भाऊ, पह्यले डिपस्टिक पुसा."

हिला क्लच नाही. सगळा कारभार तेलाचा,
आणि तेल उभ्या उभ्या खाली उतरून बसलेलं.
बंद गाडीत काडी भरलेली दिसते, खोटं बोलते;
चालू ठेवून बघितलं तर टोकालाही ओल नाही.
दोन लिटर ओतलं, बारीक नरसाळ्यानं.
मग दांडा प्रत्येक खाचेत नेऊन थांबायचं,
नव्या सुनेला घर दाखवावं तसं.

"सीलं वाळली. भिजू द्या."
आम्ही चहा घेतला.
रस्त्यानं केळीचा ट्रक गेला, फैजपूरकडे.
अप्पा थंडीत हिला पाच मिनिटं
दारात नुसती चालू ठेवायचे.
मला वाटायचं, मिरवतात.

मग एक हिसका.
बोनेटवरचा ग्लास घसरला,
गाडी हातभर पुढे.

गफूरनं लगेच बंद करायला लावली,
खाली केळीचं सुकं पान सरकवलं.
"कुठं गळते, सकाळी पाहू."

रात्री बॅटरी घेऊन दोनदा जाऊन आलो.
पानावर एक लाल थेंब,
शेपटीकडे.