वस्तादांचा कान

कुमासीत, सुआमेच्या गॅरेजांमध्ये,
जिथे मातीसुद्धा काळी, ऑइल पिऊन पिऊन,
बारिमा वस्ताद गाडी आधी बघत नाहीत.
ऐकतात.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटून म्हणतात: तिसरा सिलिंडर. व्हॉल्व्ह.
आणि तिसराच निघतो.

मला चार वर्षं लागली एवढं कळायला
की टॅपेटची टकटक वेगळी
आणि बेअरिंगची कुरकुर वेगळी.
पहिलं वर्ष तर नुसते नट धुण्यात गेलं, रॉकेलमध्ये.

मंगळवारी एक गाडी ढकलत आणली.
रॉटरडॅमहून जहाजाने आलेली, तिसऱ्या मालकाची.
बॉनेट उघडलं, तर इंजिन असायचं तिथे
एक खोल डबा
आणि डब्यात कुठल्याशा पोराचा पिवळा रेनकोट,
घडी न घातलेला.
खाली सीलबंद काळी पेटी, जाड नारिंगी वायरी.

वस्तादांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला.
डोळे मिटले.
खूप वेळ मिटलेलेच होते.
सगळी गल्ली पत्रे ठोकत होती,
आणि त्या गाडीत ऐकायला काही नव्हतं.

काचेवर फक्त अक्षरं उमटली:
अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.
ते कुठे असतं, मालकाने विचारलं.
मी फोनवर पाहिलं.
समुद्रापलीकडे.

मग एबोला बोलावलं, लॅपटॉपवाल्या.
कुठल्यातरी अनोळखी माणसाने पाठवलेला कोड घालून
रात्री अकराला त्याने कुलूप उघडलं.
ही चोरी की दुरुस्ती, कुणी विचारलं नाही.
जॅकवर चाक गरगरलं,
आणि वस्ताद पाठमोरेच म्हणाले:
मागचं डावं. बेअरिंग गेलंय.
चाक ते चाकच, म्हणाले, आणि हसले,
पण हात पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

एबो म्हणतो, पुढच्या गाड्या
आपलं दुखणं स्वतःच सांगतील,
बिघडायच्या आधीच.
कुणाला सांगतील, ते तो म्हणत नाही.

सगळे गेल्यावर मी गाडी चालू केली.
नारिंगी वायरींपासून हात लांब ठेवून
टोक पेटीला लावलं, मूठ हाडाला.
बराच वेळ काही नाही.
मग अगदी बारीक, पाणी फिरल्यासारखं काहीतरी,
दर सातव्या फेऱ्याला अडखळणारं.

"आद्वोआ," दारातून वस्ताद म्हणाले,
"काय म्हणतेय?"

मी हात वर केला.
थांबा.
मोजतेय अजून.