पाट्या

नरसू हुद्दार निपाणीचा. आधी तंबाखूच्या वखारीत तोलारी,
मग मूकपट. सात काढले म्हणतात.
एकही उरलेला नाही.
मला माहीत आहे ते रायाप्पाकडून.
तो नरसूच्या कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचा
आणि म्हातारपणी आमच्या फोटो स्टुडिओत
पडद्यामागं बसून चुना मळायचा.

पहिल्या चित्राला पाट्या होत्या.
"मला पोहता येतं," अशी पाटी,
आणि लगेच मल्लू कित्तुरे विहिरीत.
तंबूत एक मास्तर पाटी मोठ्यानं वाचायचा,
दुसरा तिचं कन्नड करायचा, जरा खाकरून.
अर्धा तंबू हसला.
उरलेला, खाकरणं संपल्यावर.
"हशा दोन तुकड्यांत आला, गा."
नरसू त्या रात्री जेवला नाही.
कंदील लांब ठेवून (फिल्म पेट घ्यायची)
जवळजवळ अंधारातच त्यानं पाट्या कापल्या.
पाटी लागते तिथं पडणंच कच्चं आहे, म्हणाला.

मग शिकवत सुटला.
हँडल सावकाश फिरव, रायाप्पा,
म्हणजे माणसं पळतील.
(यावर मी अजून विचार करतो.)
मल्लू, तू हसू नकोस,
हसायचे पैसे तंबूनं दिलेत.
आणि पडण्याआधी थांब की जरा.
तेवढ्यात बघणाऱ्याला स्वतःचा पाय आठवतो.

पुढच्या खेळाला
"पडला!" आणि "बिद्दा!"
एकाच श्वासात,
आणि वखारीच्या वाऱ्यानं आलेल्या शिंका.

मग चित्रं बोलायला लागली.
कुठल्या भाषेत, हा प्रश्न आला.
नरसू तराजूकडं परत गेला.
रिळं संकेश्वरच्या एका सोनारानं जाळली,
राखेतनं चांदी निघाली थोडी,
तिची जोडवी झाली.
कुणाच्या पायात, ठाऊक नाही.

मी लग्नाचे व्हिडिओ कापतो.
मांडवात नवऱ्याचा मामा घसरतो,
त्याआधीचं थांबणं मी ठेवतो.
गिऱ्हाईक म्हणतं, हे भारी जमलंय.
मी कुणाचं नाव सांगणार?

काल आमच्या दुकानाची पाटी बदलायला माणूस आला.
कुठलं अक्षर वर, कुठलं केवढं,
नियम पुन्हा बदललाय.
खांद्यावर लांब शिडी.
मागनं कुणीतरी हाक मारली.
चहावाल्यानं ओतणं थांबवलं,
केळीवाली बसल्या जागी वाकली,
सगळा स्टँड गप्प.
दीड सेकंद. मी मोजलं.
नरसूनं यातलं काही कापलं नसतं.

शिडी वळली.